अडकित्ते, दिवे आणि काका केळकर

पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ, ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ आहे. हे नाव वाचून केळकर नावाचे कोणी संस्थानिक होऊन गेले असावेत, अशी पुष्कळांची समजूत होते. आपल्या बडोद्याच्या मुलांची तर ती हमखास होते, कारण संग्रहालय म्हटले की आपल्याला कमाटीबागेतली ती मोठी इमारत आठवते आणि ती उभारणारे श्रीमंत सयाजीराव महाराज आठवतात. संग्रहालय उभारायचे काम राजेमहाराजांचे, असे आपण धरूनच चालतो.

दिनकर गंगाधर केळकर राजे नव्हते. घराण्याचा चष्म्यांचा व्यवसाय होता, तो ते करीत. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत आणि पुण्याच्या साहित्यवर्तुळात त्याच नावाने ओळखले जात. जन्म १० जानेवारी १८९६ चा. पुढे विद्यापीठाच्या मानद पदवीमुळे नावाआधी ‘डॉक्टर’ लागले, पण लोकांनी त्यांना काका केळकर म्हणणे काही सोडले नाही. आणि ‘राजा’ हे त्यांच्या मुलाचे नाव. तो लहानपणीच गेला. त्याच्याविषयी पुढे सांगूच.

साधारण १९२० च्या सुमारास केळकरांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. तसा नाद असलेले तेव्हाही इतर लोक होते. कोणी नाणी जमवीत, कोणी पोथ्या, कोणी तलवारी. केळकरांनीही शस्त्रे जमवली. इतिहासाच्या आवडीतून ते ओघाने आलेच. पण त्यांचे वेगळेपण दुसरीकडे आहे. स्वयंपाकघरातली, देवघरातली, न्हाणीघरातली, पानाच्या तबकातली वस्तू त्यांनी शस्त्राच्या शेजारी नेऊन बसवली. अडकित्ता, चुन्याची डबी, कुंकवाचा करंडा, फणी, दौत, समई, लामणदिवा, वज्री, गंजिफा, सोंगट्या, लाकडी खेळणी. राजाच्या तलवारीला जपणारे पुष्कळ होते. सुपारी कातरून झिजलेला अडकित्ता जपावा असे तोवर फार थोड्यांना वाटले होते.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. जुने वाडे मोडकळीला आले होते. विजेचे दिवे आल्यावर समया नि लामणदिवे माळ्यावर गेले. पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि पितळ नि तांबे घरोघर नकोसे झाले, कारण ते घासावे लागे, कल्हई करून घ्यावी लागे. मग ही भांडी मोडीत जात. मोडीत जाणे म्हणजे काय ते आजच्या मुलांना सांगावे लागेल. वस्तूची घडण, नक्षी, वय काही न पाहता तिचे नुसते वजन करायचे, धातूचा भाव लावायचा आणि भट्टीत घालायची. शंभर वर्षे घरात जळलेली समई आणि कालची फुटकी कळशी, दोघींना तराजूत किंमत एकच. केळकर या तराजूच्या आड आले, असे आम्हांला वाटते. त्यांनी वस्तू सोन्यारुप्याची आहे का हे पाहिले नाही. हे कोणी, कशासाठी आणि किती मन लावून घडवले आहे, हे पाहिले.

यासाठी ते खूप हिंडले. महाराष्ट्र तर झालाच, पण गुजरात, राजस्थान, कर्नाटक, केरळ येथूनही त्यांनी वस्तू आणल्या. गुजरातचे कोरीव दरवाजे नि लाकूडकाम त्यांच्या संग्रहात आहे, ही आपल्याकडच्या लोकांनी मुद्दाम पाहावी अशी गोष्ट. कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेषही त्यांनी मिळवले आणि संग्रहालयात त्यांची पुन्हा मांडणी झाली.

पैसा कुठून येई? चष्म्याच्या दुकानातून जे मिळे त्यातूनच. पत्नी कमलाबाईंनी वेळप्रसंगी अंगावरचे दागिने दिले, असे सांगतात. आमच्या मते संग्रहालयाचा अर्धा मान या बाईंकडे जातो. घरात माणसांपेक्षा वस्तूंना जागा जास्त लागू लागली की नवऱ्याच्या छंदाचे कौतुक करणे किती अवघड होते, हे पालकवर्गाला वेगळे सांगायला नको.

या वस्तूंमध्ये कारागिराची काय काय बुद्धी आहे, ते दोन उदाहरणांवरून सांगतो. वज्री म्हणजे आंघोळीच्या वेळी टाच घासायची वस्तू. तिचा तळ खरखरीत असला की काम भागते. पण केळकरांच्या संग्रहातल्या वज्र्यांवर पक्षी आहेत, प्राणी आहेत. टाच घासायला मोर कशाला हवा? हवा म्हणूनच केला! दुसरे उदाहरण टांगत्या दिव्यांचे. अशा काही जुन्या दिव्यांत वरच्या प्राण्याच्या किंवा पक्ष्याच्या पोटात तेल भरून ते वरून बंद केलेले असते. खालच्या पणतीतले तेल कमी झाले की छिद्र उघडे पडते, हवा आत शिरते आणि तेवढे तेल खाली येते. पणती भरली की छिद्र झाकले जाते आणि तेल थांबते. हवेच्या दाबाचा हा धडा आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो, पण तो दिवा घडवणाऱ्या ओतारीने आपले नाव कुठेही कोरलेले नाही. दिव्यांवर केळकरांचा विशेष जीव होता. भारतातल्या दिव्यांवर त्यांनी लिहिलेले ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ मध्ये काढले.

येथे थोडे विषयांतर. केळकरांनी मुख्यतः अठराव्या नि एकोणिसाव्या शतकातल्या वस्तू वाचवल्या. आज तीच पाळी आपल्या आजी-आजोबांच्या संसाराची आहे. पितळी डबे, पाणी तापवायचा बंब, सोऱ्या, कंदील, प्रायमस स्टोव्ह, धान्याची मापे. त्यांचे वय ओळखणे वाटते तितके अवघड नाही. भांडे उलटे करा नि काठ पाहा. पुष्कळदा ठिपक्याठिपक्यांनी नाव, गाव आणि तारीख घातलेली सापडते. आहेराची भांडी दुकानातच अशी नावे घालून घेत. मापावर शेर लिहिलेला असेल तर ते बहुधा १९६० च्या आधीचे, कारण मेट्रिक वजनमापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. किंमत आण्यांत असेल तर वस्तू १ एप्रिल १९५७ च्या आधीची मानायला हरकत नाही, त्या दिवशी नवे पैसे आले. कागदावर किंवा शिक्क्यावर बडोदे राज्य असेल तर ते १९४९ च्या विलीनीकरणापूर्वीचे असण्याचा संभव मोठा. घड्याळावर पश्चिम जर्मनी दिसले तर ते १९४९ नंतरचे आणि १९९० च्या आधीचे. आणि एक विनंती: जुनी वस्तू सापडली की लगेच चिंच लावून लखलखीत करू नका. कोणते टोक झिजले आहे, हात कुठे लागत होता, कल्हई कुठवर उरली आहे, हे आधी पाहा नि लिहून ठेवा. ती वस्तू वापरलेले माणूस घरात असेल तर त्यालाच विचारा. ते माणूस गेले की वस्तू राहते, पण ती कशाची हे सांगणारे कोणी उरत नाही.

असो. १९६० पर्यंत केळकरांकडे सुमारे १५,००० वस्तू झाल्या होत्या. १९६२ मध्ये संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. १९७५ मध्ये केळकरांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. एव्हाना परदेशांतही अशा वस्तूंना मागणी होती आणि एकेक दिवा, एकेक अडकित्ता विकून त्यांना उरलेले आयुष्य सुखात काढता आले असते. त्यांनी विकले नाही. संग्रहाला मात्र राजाचे नाव दिले. ज्या मुलाच्या हाती बापाने घर सोपवायचे, तो मुलगा नव्हता. मग ते घर सगळ्यांच्या मुलांसाठी उघडे ठेवले. तेथील लाकडी खेळण्यांपुढे उभे राहिले की हे आठवल्यावाचून राहत नाही.

काका केळकर १७ एप्रिल १९९० रोजी वारले. वय ९४ होते. संग्रहात आता २०,००० च्या वर वस्तू आहेत आणि जागेच्या मानाने त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला मामाकडे जाणारी मुले आपल्या शाळेत पुष्कळ आहेत. त्यांनी दोन-तीन तास हाताशी ठेवून जावे, घाईत जाऊ नये. आजीला बरोबर न्यावे. अडकित्त्यांच्या कपाटापाशी ती जे सांगेल ते पाटीवर लिहिलेले नसते.