निर्णयाचे ओझे पेलणारे हजरत उमर (रजि.)

रमजानच्या एका रात्री हजरत उमर फारूक (रजि.) मदिनेच्या मस्जिद-ए-नबवीत आले. कोणी एकटाच नमाज पढत होता, तर कोणामागे काही जण उभे होते. प्रेषित मुहंमद (स.) यांनी रमजानमधील रात्रीची ही नमाज काही दिवस जमातीने पढवली होती. मात्र ती लोकांवर फर्ज होईल, या काळजीने त्यांनी ते थांबवले. पहिले खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांच्या काळातही तीच पद्धत राहिली. हजरत उमर यांनी सर्वांना एका इमामामागे, हजरत उबई बिन काब (रजि.) यांच्यामागे उभे केले. ही गोष्ट हिजरी 14 च्या सुमाराची. आज तरावीहची जी जमात उभी राहते, तिच्यामागे हा निर्णय आहे. आपण नवा पायंडा पाडत आहोत, याची त्यांना पूर्ण जाणीव होती.

पुरती खात्री होईपर्यंत थांबावे, की चुकण्याची जोखीम पत्करून निर्णय घ्यावा? इ. स. 634 ते 644 या दहा वर्षांच्या खिलाफतीत हा प्रश्न हजरत उमर यांच्यापुढे वारंवार आला.

सुरुवातच कठीण झाली. इराकच्या मोहिमेसाठी माणसे पुढे येईनात. सर्वांत आधी अबू उबैद सकफी उठले, म्हणून हजरत उमर यांनी त्यांनाच सेनापती नेमले. ज्येष्ठ सहाबांचा सल्ला घ्या आणि घाई करू नका, अशी ताकीदही दिली. फुरात नदीच्या काठी इराणी सैन्य समोर आले. नदी ओलांडू नये, असे सोबतचे लोक सांगत असताना अबू उबैद यांनी ती ओलांडली. हत्तींना पाहून घोडे बुजले, अबू उबैद स्वतः मारले गेले, माघारीचा पूल तुटला आणि कितीतरी जण पाण्यात बुडाले. ही ‘पुलाची लढाई’ म्हणून ओळखली जाते. चुकीचा निर्णयही निर्णय न घेण्यापेक्षा बरा, असे सरसकट म्हणणाऱ्याने ती जरूर आठवावी. सल्ला धुडकावून केलेल्या धाडसाची किंमत इतरांनी जिवाने मोजली.

रणांगणातून परतलेले लोक शरमेने तोंड लपवत होते. हजरत उमर यांनी त्यांना दोष दिला नाही. त्यांचा आसरा आपणच आहोत, असे सांगून त्यांना जवळ केले. पुढच्या मोहिमेचे नेतृत्व स्वतः करायचे ठरवून ते मदिनेबाहेर पडलेही. परंतु खलिफानेच आघाडीवर जाणे धोक्याचे आहे, असे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आदींनी पटवून दिले, तेव्हा त्यांनी बेत बदलला आणि हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांना पाठवले. त्यांच्याच नेतृत्वाखाली कादिसियाची लढाई जिंकली गेली.

काही वर्षांनी हजरत उमर शामच्या दौऱ्यावर निघाले. वाटेत सर्ग या ठिकाणी सेनापती भेटले आणि शाममध्ये ताऊन, म्हणजे प्लेगची साथ पसरल्याचे कळले. पुढे जावे की परतावे? त्यांनी आधी मुहाजिरांना विचारले. त्यांच्यात मतभेद झाले. मग अन्सारांना विचारले, तेथेही तेच. शेवटी कुरैशमधील वयोवृद्धांना बोलावले. त्यांनी एकमुखाने परतण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या सकाळी परतायचे, अशी घोषणा झाली. हे अल्लाहने लिहिलेल्या तकदीरपासून पळणे नव्हे का, असा आक्षेप हजरत अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) यांनी घेतला. उंट हिरव्या उतारावर चारला काय किंवा ओसाड उतारावर, दोन्ही तकदीरच. मग हिरवा उतार का निवडू नये, असे हजरत उमर यांनी त्यांना समजावले. साथीच्या गावात जाऊ नये आणि तेथे असलेल्याने पळ काढू नये, ही प्रेषितांची शिकवण हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांनी सांगितली ती त्यानंतर. म्हणजे आधार हाती नसताना, मशवरा करून, निर्णय आधीच झाला होता. हजरत अबू उबैदा आपल्या सैन्यासोबत शाममध्येच राहिले आणि त्याच साथीत त्यांचे निधन झाले.

न्यायदानातही त्यांनी तीच वाट धरली. एक स्त्री वारली. मागे पती, आई, फक्त आईकडून असलेले भाऊ आणि सख्खे भाऊ. ठरलेले हिस्से वाटल्यावर सख्ख्या भावांना काहीच उरेना. एका प्रकरणात हजरत उमर यांनी तसाच निवाडा दिला. पुढे असेच प्रकरण आले, तेव्हा आमचा बाप गाढव समजा, पण आई तर एकच ना, असा युक्तिवाद सख्ख्या भावांच्या बाजूने झाल्याचे सांगतात. तो पटला आणि त्यांना इतर भावांच्या हिश्श्यात सामील केले गेले. पूर्वीचा निवाडा मात्र मोडला नाही. तेव्हाचा तेव्हा, आताचा आता, अशी त्यांची भूमिका होती. प्रामाणिकपणे विचार करून निवाडा देणारा चुकला तरी त्याला एक पुण्य आणि अचूक ठरला तर दोन, ही प्रेषितांची शिकवण आहे. त्यात सूट आहे ती प्रयत्न करून चुकलेल्याला, बेफिकीर माणसाला नाही.

इ. स. 644 मध्ये फजरच्या नमाजेत त्यांच्यावर खंजिराचे वार झाले. वारस कोण, हे एकट्याने ठरवण्याऐवजी त्यांनी सहा ज्येष्ठ सहाबांची समिती नेमली. मुलगा अब्दुल्लाह (रजि.) यांना चर्चेत बसण्याची मुभा दिली, खिलाफतीचा हक्क दिला नाही. तोवर नमाज हजरत सुहैब रूमी (रजि.) यांनी पढवावी, हेही ठरवून दिले. चर्चा कितीही करा, पण तीन दिवसांत निर्णय झाला पाहिजे, अशी मुदत त्यांनी घातली. त्या मुदतीत हजरत उस्मान (रजि.) यांची निवड झाली.