देशवंडीचे वामनदादा

नाशिकहून शिर्डीला किती वेळा गेला असाल? मी तर मोजणंच सोडून दिलंय. शाळेच्या सहली, नवस फेडायला आलेले मामा-मामी, नंतर इंजिनीअरिंगच्या मित्रांबरोबर बाईकवरून. दर वेळी सिन्नरला चहा ठरलेला. पण त्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी नावाच्या गावात दहा हजार गाणी लिहिणारा एक माणूस जन्माला आला, हे मला कळलं ते इथे फ्रीमाँटला येऊन सात वर्षं झाल्यावर! ८८० वरच्या ट्रॅफिकमध्ये.

झालं असं, की ऑफिसातला एक अमेरिकन सहकारी आणि मी कारपूल करायचो. त्याला ऑल्टरनेटिव्ह कंट्रीचं भारी वेड. गिटार, धुळीचे रस्ते, नोकरी गेलेली माणसं असला सगळा मामला. एकदा त्यानं विल्को या बँडचा १९९८ चा 'मर्मेड अ‍ॅव्हेन्यू' हा अल्बम लावला आणि त्याची गोष्ट सांगितली. वूडी गथ्री हा ओक्लाहोमाचा गायक १९६७ साली वारला, तेव्हा चाल नसलेली हजारो गाणी कागदावर मागे ठेवून गेला. पुढे त्याच्या मुलीनं त्यातली काही बिली ब्रॅग आणि विल्कोला दिली, त्यांनी चाली लावल्या. गथ्री स्वतः जुन्या, लोकांच्या ओठावरच्या चाली उचलायचा आणि त्यांवर दुष्काळानं घर सुटलेल्या माणसांची गाणी बसवायचा. सहकाऱ्यानं सहज विचारलं, तुमच्या भाषेत असा कोणी आहे का? मी संत, शाहीर, पोवाडे वगैरे सांगून वेळ मारून नेली. घरी येऊन शोधायला बसलो, आणि वामनदादा कर्डक सापडले.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. जात महार, घरची गरिबी, वडील लहानपणीच गेलेले. शाळेचं नाव नाही. गावात पोट भरेना म्हणून हे कुटुंबही हजारो कुटुंबांसारखं मुंबईला आलं. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहणं, आणि गिरणी, कोळशाची वखार, मिळेल ती मजुरी. मधेच सिनेमात काम करायचं खूळ शिरलं, त्यापायी स्टुडिओंच्या चकराही मारून झाल्या. आपण सगळे पोटासाठीच घर सोडून आलोय खरे, पण आपल्या बॅगेत डिग्री होती. वामनला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. चाळीत समता सैनिक दलाचं काम जोरात होतं आणि वामन त्यात पुढे असायचा. अंगानं दणकट, बोलण्यात धीट, त्यामुळे त्याला लिहिता-वाचता येत असणार असं लोकांनी धरूनच ठेवलेलं. एक दिवस कोणीतरी विश्वासानं एक पत्र त्याच्या हातात दिलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. पत्र हातात, समोर माणूस उभा, आणि अक्षर एक लागत नाही. त्या दिवशी तो रडला. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्याला बाराखडी शिकवली. तेव्हा वय होतं विशीच्या आसपास. पुढचा सराव दुकानांच्या पाट्यांवर! रस्त्यानं जाताना पाटी दिसली की अक्षर अक्षर जुळवून वाचायची.

आता गंमत बघा. १९४३ साली, म्हणजे अक्षरओळख होऊन फार दिवस झालेले नसताना, या माणसानं पहिलं गाणं लिहिलं. ते चळवळीचं वगैरे नव्हतंच. एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन होतं, निव्वळ टवाळी. पण चाळीतली माणसं पोट धरून हसली. आपल्या शब्दांनी माणसं हसतात, तर जागीही होतील, हे त्याच्या लक्षात आलं. बाबासाहेब आंबेडकरांच्या सभा तो ऐकत होताच. तिथून पुढे त्याचा विषय ठरला तो कायमचा.

हे सगळं हवेतून आलं नव्हतं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींनी तमाशाचा साज घेऊन त्यात नवा विचार भरला, त्याला जलसा म्हणायचे. पुढे आंबेडकरी चळवळीचे जलसे सुरू झाले. नाशिककडचेच भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. ढोलकी तीच, पण गणात गणपतीऐवजी भीमरावांना वंदन, आणि वगात शाळा, पाणवठा, सावकार. वामनदादांनी हा वारसा घेतला आणि त्यात दोन गोष्टींची भर घातली. एक म्हणजे सिनेमाच्या आणि कव्वालीच्या चाली, ज्या लोकांना आधीच पाठ होत्या. दुसरी म्हणजे गझलेचा घाट. बाराखडी विशीत शिकलेला माणूस पुढे गझल लिहितो, तीही नीट वृत्तात! मला तर 'हॅलो वर्ल्ड' लिहून झाल्यावर पॉइंटर कळायलाच दोन सेमिस्टर लागली होती.

१९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला धर्मांतर झालं आणि डिसेंबरमध्ये बाबासाहेब गेले. लाखो लोक नव्या धर्मात आलेले, पुष्कळांना वाचता येत नाही, आणि समजावून सांगणारा गेलेला. अशा वेळी वामनदादा आणि त्यांच्यासारखे गायक खेडोपाडी फिरले. बुद्ध कोण, संविधान कशाला, मुलीला शाळेत का घालायचं, हे रात्र रात्र गाऊन सांगितलं. गायन पार्टी म्हणजे काय, तर एक पेटी, एक ढोलकी, चार माणसं आणि एसटी. बिदागी मिळाली तर मिळाली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ ते १९९४ असा सोळा वर्षं चालला, त्यातही त्यांची गाणी होती.

संसार मात्र धड झाला नाही. पहिलं लग्न टिकलं नाही, त्या लग्नातली एकुलती मुलगी लहानपणीच गेली. पुढे दुसरं लग्न झालं, पण घरी पाय कधी ठरला नाही. गावोगावची मुलं त्यांना दादा म्हणायची आणि त्यातली कितीतरी त्यांच्याकडूनच गायला शिकली. हे वाचायला छान वाटतं. पण रोज कोणाच्या तरी ओसरीवर झोपणाऱ्या माणसाच्या बायकोनं दिवस कसे काढले असतील, हेही मनात येतंच.

दहा हजार हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. मी आपला इंजिनीअरच, हिशेब करून पाहिला. १९४३ ते २००४ म्हणजे एकसष्ट वर्षं. दर दोन-सव्वादोन दिवसांना एक गाणं पडतं! छापील पुस्तकांत मात्र त्यातला थोडाच भाग आला. 'वाटचाल' १९७३ साली, 'मोहळ' १९७६ साली. बाकीची गाणी गायकांच्या वह्यांत, चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर मिळणाऱ्या पातळ पुस्तिकांत, नंतर कॅसेटींत. 'थांब लक्ष्मी कुंकू लावते' सारख्या चित्रपटातही त्यांचं गाणं गाजलं, पण तिकडे ते रमले नाहीत. मागेल त्याला गाणं देऊन टाकायचं, हा खरा ओपन सोर्स कारभार. संतांसारखं शेवटच्या कडव्यात वामन हे नाव मात्र ते गुंफायचे. आमच्या भाषेत डिजिटल सिग्नेचर. नाव काढायला गेलं तर मात्रा मोडते. पण पुरं कडवंच गाळलं की झालं, सही गेली! कितीतरी लोक ही गाणी पारंपरिक समजून गात असतील.

नाशिकला आमच्या कॉलनीत १४ एप्रिलला पलीकडच्या वस्तीतून लाउडस्पीकर ऐकू यायचे. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. परीक्षा जवळ आलेली असायची हे खरंच, पण गणपतीत आम्ही खिडक्या लावत नव्हतो हेही तितकंच खरं. त्या आवाजात वामनदादांचे शब्द असणारच, आणि ते तेव्हा हयात होते, त्याच जिल्ह्यात राहत होते. १९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मचरित्र आलं. १५ मे २००४ रोजी ते नाशिकमध्येच गेले. तेव्हा मी शाळेत होतो. घरी या विषयावर एक शब्द निघाल्याचं मला आठवत नाही.

२०२३ साली जातिभेदाविरुद्धचं एसबी ४०३ हे विधेयक कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर व्हेटो वापरला. ते मांडणाऱ्या सिनेटर आयेशा वहाब यांच्या मतदारसंघातच आपलं फ्रीमाँट होतं. आपल्या पॉटलकमध्ये तेव्हा दोन्ही बाजूंनी बरीच गरमागरमी झाली, पुष्कळांना आठवत असेल. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण त्या रात्री माझ्या एका मित्रानं, दहा वर्षांच्या ओळखीनंतर, पहिल्यांदा सांगितलं की त्याचे आजोबा गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. मी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीस? तो नुसता हसला आणि ताटलीतला ढोकळा संपवू लागला.

लेक आमची मराठी शाळेत जाते, सध्या जोडाक्षरांशी झटापट चालू आहे. तिला वामनदादांची पत्राची गोष्ट सांगितली. मोठ्या माणसाला वाचता येत नाही हे तिला आधी पटेचना. आता नाइल्सच्या जुन्या रस्त्यावरून जाताना ती दुकानांच्या इंग्रजी पाट्या मराठीत लिहून दाखवते, तीही चुकीच्या वेलांट्या देऊन.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमधल्या कार्यक्रमासाठी मी मंडळाच्या कमिटीकडे वामनदादांच्या तीन गाण्यांची नावं दिली आहेत, शेवटच्या कडव्यासकट गायची या अटीवर. आजोबांची ढोलकी नाही, पण नातू ढोलकी वाजवायला तयार झालाय. पेटीवाला अजून मिळालेला नाही. कोणी असेल तर मध्यंतरात मला गाठा, मी चहाच्या टेबलापाशीच असतो.