अंकांत रमलेले मास्तर : द. रा. कापरेकर

गणिताचा तास चुकावा म्हणून कला शाखेत आलेले आपल्यात थोडेथोडके नाहीत. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. परंतु ज्या गावाच्या नावातच लाख दडलेले आहेत, त्या लाखांदुरात राहून अंकांपासून पळणार तरी किती? म्हणून एका अंकवेड्या शाळामास्तराची ही ओळख.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच मातृछत्र हरपले. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. आकडेमोडीची गोडी मुलाला घरातूनच लागली असावी. ठाण्यास शालेय शिक्षण आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात उच्च शिक्षण झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३० पासून ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये तेथूनच निवृत्त झाले. पदव्युत्तर शिक्षण नाही, हाताशी संशोधनसंस्था नाही. होते ते कागद, पेन्सील आणि शाळा सुटल्यावरचा वेळ.

मुंबईजवळच्या डेम्लो म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना एक कल्पना सुचली, म्हणून तिच्यातून निघालेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या हेच नाव दिले. त्यांतली एक पाहण्याजोगी आहे. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ चा वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. नऊपर्यंत चढायचे आणि त्याच पायऱ्यांनी उतरायचे! लीलावतीतल्या दशगुणोत्तर संज्ञा मोजल्या, तर ही परार्धाच्या एकच घर अलीकडे थांबते. एवढी अवाढव्य संख्या, पण ती मूळ संख्या नाही. ३, ३७ आणि ३३३६६७ या तीनच मूळ संख्यांच्या गुणाकारातून ती घडली आहे. ३ चार वेळा, उरलेल्या दोघी दोन-दोन वेळा. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. त्यात ८ मात्र रुसून बसलेला! आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव ठेवले. गणितात असे लोभस नाव ठेवणारा माणूस आपल्या कला शाखेतही शोभला असता.

आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना मात्र हा पोरखेळ वाटला. त्यांची टिंगल झाली. लेख किरकोळ नियतकालिकांतून येत, पुस्तिका ते पदरमोड करून छापीत. निवृत्तीनंतर तुटपुंज्या निवृत्तिवेतनाला शिकवण्यांची जोड द्यावी लागली. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. मास्तर तेव्हा सत्तरीत होते! परक्याने पाठ थोपटल्यावरच आपले माणूस दिसावे, ही आपली जुनी खोड.

गाजली ती ६१७४ ही संख्या. १९४६ मध्ये ती त्यांना सापडली आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. त्यांचे जन्मसालच घेऊ. ९५१० मधून ०१५९ गेले, ९३५१ राहिले. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. कापरेकर देवळालीत वारले ते १९८६ साली. तेही साल मांडून पाहिले : ९८६१ वजा १६८९ बरोबर ८१७२. म्हणजे पहिल्याच वजाबाकीत ते जन्मसालाच्या वाटेला येऊन मिळते, आणि तेथून दोन्ही साले बरोबरच ६१७४ पर्यंत जातात.