ओरिजिनमधून न जाणारी रेघ

फ्लुइड मेकॅनिक्सच्या वायव्हात हमखास येणारा प्रश्न म्हणजे बिंगहॅम प्लास्टिक. ग्राफ काढायचा, रेघ ओरिजिनऐवजी थोडी वरून सुरू करायची, उदाहरण म्हणून टूथपेस्ट सांगायची की सुटलो! पण हे बिंगहॅम कोण, ते मात्र कुणी विचारत नाही.

युजीन बिंगहॅम यांचा जन्म १८७८ सालचा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. गंमत म्हणजे ते इंजिनिअर नव्हतेच. पेनसिल्व्हेनियातील लाफायेत कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत. १९१६ मध्ये त्यांनी पाण्यात कालवलेली माती बारीक नळीतून दाबून पाहिल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. नुसतं पाणी जरा दाब दिला की वाहू लागतं. ही माती मात्र ठराविक दाबापर्यंत अडून बसायची आणि मगच वाहायची. ती जिथे हार मानते, तो यील्ड स्ट्रेस.

१९१९ मध्ये हेन्री ग्रीन यांच्यासोबत त्यांनी हेच रंगाबद्दल मांडलं. रंग हा नुसता दाट द्रव नव्हे, तो प्लास्टिक पदार्थ आहे. तो ब्रशखाली पसरायला हवा, पण ब्रश उचलल्यावर भिंतीवरून ओघळायला नको. फक्त व्हिस्कॉसिटी वाढवली तर तो ओघळेलच, जरा सावकाश इतकंच! आतले कण एकमेकांना धरून सांगाडा बनवतात. तो मोडेपर्यंत रंग जागचा हलत नाही. स्लंप टेस्टमध्ये काँक्रीटचा ढीग थोडा खचून थांबतो, तोही यामुळेच.

१९२८ मध्ये मार्कस रायनर हे सिव्हिल इंजिनिअर पॅलेस्टाइनहून लाफायेतला आले. या विषयाची वेगळी शाखा हवी, असं बिंगहॅमना वाटे. रायनर म्हणाले, ती आहेच की, कंटिन्युअम मेकॅनिक्स. पण अशा नावाने केमिस्ट घाबरून पळतील, ही बिंगहॅमची काळजी (आम्हीही पळतो, ते सोडा). मग ग्रीक शब्दावरून रिऑलॉजी हे नाव ठरलं आणि १९२९ मध्ये सोसायटी ऑफ रिऑलॉजी स्थापन झाली.

१९४५ मध्ये बिंगहॅम वारले. पुढे १९८५ मध्ये बार्न्स आणि वॉल्टर्स यांनी यील्ड स्ट्रेस खरोखर असतो का, अशीच शंका काढली. त्यांच्या मते पुरेसं थांबून, बारकाईने मोजलं तर ते अडून बसलेलं द्रव्यही वाहतच असतं. म्हणजे ती प्रसिद्ध रेघ शून्याकडे नुसती वाढवून काढलेली! यावर पुष्कळ वाद झाला. काँक्रीट पंपाचं गणित करताना मात्र तीच रेघ अजून वापरतात.