लोकांच्या शोधातला कवी : वॉल्ट व्हिटमन

अमेरिकन कविता म्हटली की आपल्या विद्यार्थ्यांना प्रथम आठवते ती परीक्षा. कवीचे जन्मसाल, काव्याची चार वैशिष्ट्ये आणि एखादे रसग्रहण एवढ्यावर आपला तिच्याशी असलेला संबंध संपतो. शेतात, गिरणीत किंवा छापखान्यात राबणाऱ्या माणसाचा या कवितेशी काही संबंध असू शकेल, असे आपल्या मनातही येत नाही. वॉल्ट व्हिटमन या कवीने हा संबंध जोडण्यासाठीच आपले आयुष्य वेचले. त्यात त्याला कितपत यश आले आणि कोणत्या वाटेने आले, हे त्याच्या चरित्रात पाहण्यासारखे आहे.

व्हिटमनचा जन्म ३१ मे १८१९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर, वेस्ट हिल्स या खेड्यात झाला. वडील सुतार होते व घरे बांधून विकत. पण त्या धंद्यात त्यांना बरकत कधी आली नाही. १८२३ मध्ये हे कुटुंब ब्रुकलिनला आले. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी, त्यामुळे अकराव्या वर्षीच वॉल्टची शाळा सुटली. प्रथम तो एका वकिलाच्या कचेरीत पोऱ्या म्हणून राहिला आणि नंतर छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम शिकला. कॉलेजची पायरी तो कधीच चढला नाही. वर्तमानपत्रे, वाचनालये, नाटकगृहे आणि रस्ता हीच त्याची विद्यापीठे होती.

पुढे काही वर्षे त्याने खेड्यांतील शाळांवर मास्तरकी केली. १८३८ मध्ये त्याने 'लाँग आयलंडर' नावाचे साप्ताहिक काढले. ते तो स्वतःच लिहीत असे, स्वतःच छापत असे आणि घोड्यावर बसून गावोगाव पोचवीत असे. १८४६ मध्ये तो 'ब्रुकलिन ईगल' या दैनिकाचा संपादक झाला. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देऊ नये, असे त्याचे मत होते. मालकांच्या राजकारणाशी ते जुळले नाही आणि १८४८ मध्ये ही नोकरी गेली. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स शहरी काही महिने राहिला असता माणसांचे लिलाव कसे होतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. तथापि, काळ्या लोकांविषयीच्या त्या काळच्या पूर्वग्रहांतून तो स्वतःही पूर्णपणे सुटला नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे.

ब्रुकलिनला परतल्यावर तो वडिलांच्याच धंद्यात, घरबांधणीत पडला. रिकाम्या वेळी नदी ओलांडणाऱ्या बोटींवरून ये-जा करावी, घोड्यांच्या बसगाडीवर हाकणाऱ्याशेजारी बसून तासन् तास गप्पा माराव्यात, हा त्याचा छंद होता. या गाडीवानांपैकी कोणी आजारी पडला, तर तो इस्पितळात त्याच्या समाचाराला जाई. या माणसांची भाषा, त्यांचे कष्ट आणि त्यांचा ताठा कवितेत यावा, ही कल्पना याच काळात त्याच्या मनात घोळत होती.

जुलै १८५५ मध्ये त्याचे 'लीव्हज ऑफ ग्रास', म्हणजे 'गवताची पाती', हे पुस्तक निघाले. ब्रुकलिनमधील रोम बंधूंच्या छापखान्यात ते छापले गेले आणि काही पानांचे खिळे कवीने स्वतः जुळवले. प्रती निघाल्या ७९५. आत शीर्षके नसलेल्या १२ कविता होत्या. मुखपृष्ठावर कवीचे नाव नव्हते. त्याऐवजी आत एक चित्र होते, उघड्या गळ्याचा सदरा घातलेल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या कामकऱ्याचे. कवितेत वृत्त नव्हते, यमक नव्हते. बोलण्याच्या लयीत पसरलेल्या लांबच लांब ओळी होत्या आणि त्यांत सुतार, नावाडी, शेतकरी, पळून आलेला गुलाम, आई, वेश्या अशी सारी माणसे एका रांगेत आणून बसवली होती. प्रस्तावनेत त्याने कवीची कसोटीही सांगून ठेवली होती. देशाने कवीला प्रेमाने आपल्यात सामावून घेतले, तरच तो खरा कवी, असा तिचा आशय होता.

या कसोटीला व्हिटमन स्वतः उतरला नाही. सुताराने किंवा नावाड्याने ते पुस्तक विकत घेतले नाही. खप अगदी थोडा झाला. दाद दिली ती इमर्सनसारख्या थोर विद्वानाने. त्याने पत्र लिहून या अनोळखी कवीचे मनापासून स्वागत केले. व्हिटमनने ते खासगी पत्र न विचारता छापून टाकले, आणि स्वतःच्या पुस्तकावर निनावी परीक्षणेही लिहिली. ही गोष्ट शोभणारी नव्हती. पण वाचक मिळावा म्हणून तो किती कासावीस झाला होता, हे तीवरून कळते.

येथे आपल्या दोन भाषांची आठवण होते. बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांनी कन्नडमध्ये जी वचने रचली, ती ठरीव छंदाच्या चौकटीत नाहीत. बोलण्याला जवळ अशीच त्यांची लय आहे. त्यांत अंबिगर चौडय्य हा नावाडी होता. व्हिटमनने नावाड्यावर लिहिले, तर इथे नावाड्याने स्वतःच लिहिले. मराठीत तुकोबांचे अभंग कीर्तनकारांनी आणि वारकऱ्यांनी गळ्यागळ्यांत पोचवले. मी ज्या पांढुर्णा-सौंसर भागातला आहे तिथे मध्यप्रदेशात राहूनही मराठी टिकली, ती पाठ्यपुस्तकांइतकीच भजनामुळेही. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तिथे अभंग पाठ असतात आणि तुकडोजी महाराजांची भजने तो खंजिरीवर म्हणतो. व्हिटमनजवळ ना शरण होते, ना वारकरी. त्याच्यापाशी फक्त छापील पुस्तक होते, आणि ज्यांच्यासाठी ते छापले त्यांच्या हाती ते पडत नव्हते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. या युद्धाचा धक्का आपल्या मुलखालाही बसला होता. अमेरिकेचा कापूस बंद पडताच इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या, हिंदुस्थानातील कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कपाशीकडे साऱ्यांची नजर वळली. इकडे असा कापूस चढत असताना तिकडे माणसे मरत होती. डिसेंबर १८६२ मध्ये व्हिटमनचा भाऊ जॉर्ज जखमी झाल्याची बातमी आली. त्याला शोधायला वॉल्ट रणभूमीवर गेला. भावाची जखम किरकोळ निघाली. पण छावणीतले इतर जखमी पाहिल्यावर त्याला घरी परतवेना. तो वॉशिंग्टनलाच राहिला.

त्यानंतरची वर्षे त्याने लष्करी इस्पितळांत काढली. पोटापुरते म्हणून एका कचेरीत तो नकला करण्याचे काम करी आणि उरलेला वेळ खाटांमधून हिंडे. झोळीत संत्री, सफरचंदे, तंबाखू, कागद, पाकिटे, तिकिटे आणि थोडी नाणी असत. ज्यांना लिहिता येत नसे किंवा ज्यांचा हात गेला असे, त्यांची घरची पत्रे तो लिहून देई. मरणाऱ्याजवळ रात्रभर बसून राही. कोणी सांगितले तर बायबल वाचून दाखवी. त्याच्या स्वतःच्या हिशेबाने अशा ६०० हून अधिक फेऱ्या झाल्या आणि ८० हजार ते १ लाख जखमी व आजारी त्याने पाहिले. त्यांत दोन्ही बाजूंचे सैनिक होते. ज्या शेतकऱ्यांच्या आणि कामकऱ्यांच्या मुलांसाठी त्याने पुस्तक लिहिले होते, ती इथे त्याला भेटली; पण हा माणूस कवी आहे, म्हणून त्यांनी त्याला जवळ केले नव्हते. त्यांना तो आपला वाटला तो झोळीमुळे, पत्रांमुळे आणि शेजारी बसण्यामुळे.

एप्रिल १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. त्या दुःखातून व्हिटमनने दोन प्रसिद्ध कविता लिहिल्या. एक दीर्घ आणि मुक्त होती; जाणकार तिला त्याची श्रेष्ठ रचना मानतात. दुसरी 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!' ही यमके जुळवलेली, ठेक्यात म्हणता येणारी छोटी कविता. लोकांनी उचलली ती दुसरी. शाळांतून पोरे ती पाठ म्हणू लागली, सभांतून तिची मागणी होऊ लागली. आपण ही लिहिली नसती तर बरे झाले असते, असे वाटण्याइतका व्हिटमन पुढे तिला कंटाळला. लोकांपर्यंत जायचे तर कविता तोंडात बसावी लागते, हा धडा त्यातून स्पष्ट होता; पण त्याने आपला मार्ग बदलला नाही.

१८६५ मध्येच त्याला सरकारी नोकरीवरून काढण्यात आले. त्याचे पुस्तक खातेप्रमुखाला अश्लील वाटले, हे त्याचे कारण सांगतात. मित्रांनी त्याला दुसऱ्या खात्यात काम मिळवून दिले. जानेवारी १८७३ मध्ये अर्धांगाचा झटका आला, मे महिन्यात आई गेली आणि तो कॅम्डेन गावी भावाच्या आश्रयाला आला. १८८२ मध्ये बॉस्टनच्या सरकारी वकिलाने त्याच्या पुस्तकावर खटल्याची धमकी दिली. काही भाग गाळण्यास कवीने नकार दिला आणि प्रकाशकाने अंग काढून घेतले. या गवगव्याने फिलाडेल्फियात मात्र पुस्तक झपाट्याने खपले. त्या पैशांच्या आधाराने १८८४ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्याने कॅम्डेनला आपले पहिले घर घेतले.

त्याचे काही अत्यंत निष्ठावंत वाचक अखेर जिथे निघाले, तिथे त्याने कधी पाऊलही ठेवले नव्हते. लँकेशायरमधील बोल्टन हे सूतगिरण्यांचे गाव. तिथे जे. डब्ल्यू. वॉलेस हा वास्तुविशारदाच्या कचेरीतला साधा नोकर होता. १८८५ पासून ईगल स्ट्रीटवरील त्याच्या घरी काही कारकून, एक डॉक्टर अशी मित्रमंडळी दर आठवड्याला जमू लागली. थट्टेने ते आपल्या बैठकीला 'ईगल स्ट्रीट कॉलेज' म्हणत. व्हिटमनच्या कविता ते मोठ्याने वाचत आणि त्यांवर चर्चा करत. १८८७ मध्ये त्यांनी कवीला वाढदिवसाच्या शुभेच्छा व थोडी रक्कम पाठवली. आजारी कवीने आपुलकीने उत्तर दिले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. डॉ. जॉन जॉन्स्टन १८९० मध्ये आणि वॉलेस १८९१ मध्ये समुद्र ओलांडून त्याला भेटून आले. त्याच्या मृत्यूनंतरही ही मंडळी ३१ मेचा दिवस साजरा करीत राहिली. ज्या गिरणगावांची यंत्रे त्याच्या देशातल्या युद्धाने थांबली होती, त्यांतल्याच एका गावाने त्याची कविता जपली.

२६ मार्च १८९२ रोजी कॅम्डेन येथे व्हिटमनचा मृत्यू झाला. तोपर्यंत १२ कवितांच्या त्या पुस्तकात जवळजवळ ४०० कविता झाल्या होत्या. अंत्यदर्शनाला तीन तासांत हजाराहून अधिक माणसे आली, आणि त्यांत त्याचे पुस्तक न वाचलेलीही पुष्कळ असणार.

विद्यार्थिमित्रांनो, कविता सामान्यांना कळत नाही, असे आपण सहज बोलून जातो. बोल्टनच्या कारकुनांना ती कळली, कारण ती कोणीतरी त्यांच्यात बसून मोठ्याने वाचत होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अभंग किंवा वचने पाठ असलेली, पण इंग्रजीचे अक्षर न येणारी माणसे आहेत. व्हिटमनची दोन पाने आपल्या मराठीत किंवा कन्नडमध्ये, घरच्या बोलीत उतरवून त्यांना वाचून दाखवायला काय हरकत आहे? या अंकाच्या दोन्ही विभागांनी मिळून हे काम हाती घ्यावे. त्यांना काय आवडते आणि काय खटकते, ते लिहून ठेवावे. परीक्षेतील रसग्रहणाहून ते नक्कीच निराळे निघेल, आणि कवीला हवे होते तेही बहुधा तेच.