Explained: १० दिवसांचं बाळ गेलं आणि आयुष्याची दिशा बदलली, आनंदीबाई जोशी डॉक्टर का झाल्या?

डॉ. आनंदीबाई जोशी शाळेच्या पुस्तकात भेटतात त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या पहिल्या मराठी महिला म्हणून. त्या आई होत्या, हे मात्र एका ओळीत उरकलं जातं. वयाच्या १४व्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या १० दिवसांत तो गेला. त्यांच्या पुढच्या प्रवासाची दिशा समजून घ्यायची तर या १० दिवसांपाशी थांबावं लागतं.

कोण होत्या आनंदीबाई?

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. बालपण कल्याणला गेलं. नवव्या वर्षी त्यांचं लग्न पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींशी झालं. गोपाळराव विधुर होते आणि वयाने सुमारे २० वर्षांनी मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. त्यासाठी त्यांनी हातही उचलला, हे आनंदीबाईंच्या पत्रांतून पुढे आलं. म्हणजे शिक्षण सुरू झालं ते नवऱ्याच्या आग्रहातून. शिकायचं ते वैद्यकच का, याचं उत्तर मात्र बाळंतपणाच्या खोलीत आहे.

बाळ गेलं तेव्हा परिस्थिती काय होती?

त्या काळी बाळंतपण घरातच, सुईणीच्या हाताखाली होत असे. बाळ-बाळंतिणीची तब्येत बिघडली तरी पुरुष डॉक्टरला दाखवायला घरचे तयार नसत आणि स्त्री डॉक्टर मिळणं जवळपास अशक्य होतं. आनंदीबाईंच्या बाळालाही वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही.

मराठी घरांत बाराव्या दिवशी बारसं होतं. हे बाळ त्याआधीच गेलं. इतक्या लहान बाळासाठी रूढीनुसार दहाव्या-तेराव्याचे विधीही नसतात. मोठं माणूस गेलं की घर १३ दिवस थांबतं, लोक भेटायला येतात. तान्हं बाळ गेलं की घर लवकर कामाला लागतं आणि आईनेही लागावं अशी अपेक्षा असते. इथे तर आईच १४ वर्षांची होती.

दुःखातून वैद्यकाकडे कशा वळल्या?

आपलं बाळ स्त्री डॉक्टर नसल्यामुळे गेलं, असा अर्थ आनंदीबाईंनी या मृत्यूचा लावला. नशिबाला दोष देऊन त्या थांबल्या नाहीत.

गोपाळरावांनी मदतीसाठी अमेरिकेतले मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिलं होतं. धर्मांतराच्या बदल्यात मदत जोशी दाम्पत्याने नाकारली. पण ते पत्र मिशनच्या नियतकालिकात छापून आलं आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आलं. दंतवैद्याकडे नंबरची वाट पाहताना त्यांनी ते वाचलं होतं. पुढे अमेरिकेत आनंदीबाईंना याच बाईंनी घरच्यासारखा आधार दिला.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं. हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टरची गरज आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. तेव्हा त्यांचं वय १७ होतं. एप्रिलमध्ये पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या.

अमेरिकेत त्या काय शिकल्या?

फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. थंडी, परकं अन्न आणि सततचं आजारपण यांच्याशी झगडत त्या शिकल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. ज्या खोलीत त्यांचं बाळ गेलं, त्याच खोलीत काय व्हायला हवं, याचा हा अभ्यास होता.

पुढे काय झालं?

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली. पण १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या तेव्हा क्षयाने शरीर पोखरलं होतं. कोल्हापूरचं काम राहूनच गेलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय होतं २१. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

आज याचं महत्त्व काय?

जन्मानंतरचे पहिले २८ दिवस बाळासाठी सर्वांत नाजूक मानले जातात. त्यामुळेच आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहण्यासाठी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. आनंदीबाईंचं बाळ यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीच्या मधे गेलं असतं.

पदवी मिळाली म्हणून आनंदीबाईंचं दुःख फिटलं, असं म्हणता येत नाही. पण १० दिवस जगलेलं बाळ त्यांनी विसरण्याजोगं मानलं नाही. 'लहान आहेस, पुन्हा होईल' असं आजही अनेक आयांना सांगितलं जातं. त्याआधी गेलेल्या बाळाबद्दल त्यांना बोलू द्यायला हवं.