रे. स्टीफन हिस्लॉप

रे. हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडांतील डन्स गावीं झाला. मिशनकार्यार्थ ते नागपुरास आले व १८४६ सालीं त्यांनी तेथें शाळा काढिली. अध्यापनांतून सवड मिळतांच ते दगड तपाशीत हिंडत. नागपुरानजीक टाकळी येथें काळ्या पाषाणाच्या थरांमधील मातींत त्यांस दगड झालेलीं फळें व बिया आणि गोड्या पाण्यांतील शंख सांपडले. येथें पूर्वीं सरोवर होतें, असें त्यांनी शंखांवरून ताडिलें. एक लाव्हारस थंडावून दुसरा येईपर्यंत तेथें झाडें फळलीं, व त्यास सुमारें ६.६ कोटी वर्षें लोटलीं, असें आतां शास्त्रज्ञ मानितात. रे. हंटर यांच्यासह त्यांनी लिहिलेला भूस्तरविषयक निबंध १८५५ सालीं लंडनांत छापला गेला.

४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना पुरांत बुडून त्यांचा अंत झाला. नागपुरांतील हिस्लॉप कॉलेज त्यांचें नांव धारण करितें.

विद्यार्थिहो, आपल्या सातपुड्यांतही तोच काळा पाषाण आहे. दगड पायानें लोटण्यापूर्वीं क्षणभर हातीं घेऊन पाहावा, हाच या चरित्राचा बोध होय.